पायऱ्यांवरची नखाएवढी बाई

"पुन्हा उपटा हिला! सकाळी चिकटवली, अजून गोंदसुद्धा वाळला नाही," मॉडेलवाले काका पुटपुटले आणि त्यांनी माझ्या तळव्यांखाली ब्लेडचं टोक सारलं.

मित्रांनो, ती उपटली जाणारी मी. मी एक जुनी, पांढऱ्या प्लास्टिकची बाई आहे. उंची अंगठ्याच्या नखाएवढी. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पिशवी. चेहरा द्यायचं कोणाला सुचलंच नाही. इमारत बांधण्याआधी तिचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतात ना, त्यावर मी उभी असते. दार केवढं, जिना केवढा, हे बघणाऱ्याला माझ्याकडे पाहून कळतं. मॉडेलवरचा एक सेंटीमीटर म्हणजे खरा एक मीटर, आणि मी त्याच मापात बेतलेली. दिसायला यथातथा असेन, पण मापात कधी खोटं बोलले नाही.

आधी मी एका शाळेच्या मॉडेलवर होते, मग दवाखान्याच्या. वाचनालयाच्या दारात उभी होते तेव्हा एक पाहुणे म्हणाले होते, "या बाईमुळे दार कसं आपलं वाटतं!" त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

मग हा टॉवर आला. पाण्याच्या अगदी काठावर. खाली दुकानं, वर कचेऱ्या, त्यावर घरं आणि डोक्यावर हॉटेल. मॉडेलच कपाटापेक्षा उंच. मालकांची अट एकच होती, "बघताक्षणी वाटलं पाहिजे, ही इमारत इथलीच आहे."

आमच्या ऑफिसात इमारतींचे आराखडे करणाऱ्या ताई मनापासून काम करणाऱ्या. त्या संध्याकाळी काठावर जाऊन बसू लागल्या. तिथे जुन्या दगडी पायऱ्या आहेत. कोणी जाळं विणतं, कोणी भाजी निवडतं, कोणी नुसतंच बसतं. ताई परत येऊन काकांना सांगायच्या, "गंमत माहीत आहे का? सगळे पाण्याकडे पाठ करून बसतात. पाणी रोजचंच, गप्पा नव्या!"

म्हणून त्यांनी टॉवरच्या आधी, जुन्या पायऱ्यांच्या जागी येणाऱ्या नव्या पायऱ्या आखल्या. ऐसपैस, कोणीही यावं, बसावं अशा. टॉवरला बाहेरून विणलेल्या जाळ्यासारखं आवरण दिलं. मला स्वतःच्या हाताने तिसऱ्या पायरीवर चिकटवलं आणि म्हणाल्या, "हिला बसायला कोणी शिकवलं नाही, नाहीतर बसवली असती."

मला वाटलं, आता पाय टेकले. कसले टेकतात! मालकांना गाड्यांसाठी उतार हवा झाला, दोन पायऱ्या गेल्या. हॉटेलला वेगळं दार हवं झालं, आणखी गेल्या. दुकानं पुढे सरकली. दर वेळी ब्लेड, दर वेळी गोंद. माझ्या तळव्यांचे टवके उडाले. आणि जाळ्याचं मात्र कौतुक चालूच! दोरा जाड की बारीक यावर बैठका व्हायच्या. इथलं म्हणून जे होतं ते भिंतीवर चढत होतं आणि पायाखालून जात होतं. मी ओरडले असते, पण तोंड कुठे आहे?

शेवटी उरली एक पट्टी. तिच्यावर मी उभी राहिले की पिशवी भिंतीला घासायची.

"ताई, पायऱ्या फार बारीक दिसतात गं," ताईंचे धाकटे भाऊ म्हणाले. ऑफिसात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्यांचं.

"दिसत नाहीत. आहेत."

"मग माणसं बदलू." त्यांनी खिशातून डबी काढली. तिच्यात तांदळाएवढी माणसं. दुसऱ्या मापाची.

"अरे, दारं केवढी दिसतील मग!"

"चौकटी काढून टाकू. सगळी काच. कळतंय कोणाला? मंजुरी मिळू दे, मग बघू."

"मला काय," काका म्हणाले, "म्हणाल तर मुंग्या चिकटवतो."

ताईंनी त्या उरलेल्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "चिकटवा."

मी खणात गेले. टेप, तुटकी पट्टी आणि मी. मित्रांनो, तिथे माझा नुसता संताप झाला. तुम्हीही उद्या घर काढाल, बाग काढाल, शाळा काढाल. हवी तेवढी उंच काढा. पण आधी माणूस खऱ्या मापाचा काढा आणि कुणी कितीही सांगितलं तरी त्याला खणात टाकू नका.

मॉडेल दाखवायच्या दिवशी ताईंनी टेपसाठी खण उघडला. टेप तिथेच राहिली, मी त्यांच्या मुठीत गेले. आज होकार मिळाला की जुन्या पायऱ्या फोडायचं काम सुरू होणार होतं. हॉलमध्ये मालक होते, अधिकारी होते आणि काठावरची माणसंही बोलावली होती. धाकटे भाऊ जाळ्यावर भरभरून बोलले. सगळ्यांनी माना वर केल्या.

काठावरची एक बाई मात्र वाकून खाली बघत होती. तांदळाएवढी माणसं त्या पट्टीवर घोळक्याने उभी होती, भोवती मोकळीच मोकळी जागा.

"अगंबाई, केवढ्या मोठ्या पायऱ्या!" ती हरखून म्हणाली. "आम्ही उगाच घाबरलो होतो हो. म्हटलं, आता बसायचं कुठे? तुम्ही आमची आठवण ठेवलीत, ताई."

मालक हसले. भाऊंनी घाईघाईने मंजुरीचा कागद पुढे केला. काका बुटांकडे बघत राहिले. माझं कमरेवरचं कोपर ताईंच्या तळव्यात रुतत होतं, तरी मूठ घट्टच होत गेली.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "पायऱ्या मोठ्या नाहीत. आम्ही माणसं लहान केली आहेत."