जोडीतली डावी

मी टाचेखालची गादी बोलतेय. हसू नका. गादी म्हटलं की तुम्हाला लोड-तक्के आठवतात. मी मात्र तळहाताएवढीही नाही. मऊ सिलिकॉनची, बुटात टाचेखाली सरकवायची. आम्ही जुळ्या बहिणी. एकाच साच्यातून निघालो, एकाच पाकिटात पाठीला पाठ लावून दुकानात लटकलो. दोघींनी मिळून एका माणसाला उभं ठेवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आम्हाला घरी नेलं ते रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईने. तिची धाकटी जाऊही तिथेच कामाला. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं फारच पटायचं, आणि तिथेच आमचा घात झाला.

थोरलीची डावी टाच दुखायची. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की खिळा घुसल्यासारखी कळ यायची, ती थेट तळव्याच्या कमानीपर्यंत. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची बिचारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उठण्याआधी पायाची बोटं स्वतःकडे ओढून तळवा ताणायचा, अनवाणी फिरायचं नाही, आणि गाद्या दोन्ही बुटांत घालायच्या.

"दोन्ही कशाला?" थोरली घरी येऊन म्हणाली. "दुखतोय तर एकच पाय."

"माझा उजवा दुखतो, ताई," धाकटी म्हणाली. "बोलले नाही, एवढंच."

"मग एक तू घे. बघ, वाटणी कशी बरोबर झाली."

दोघी हसल्या. मी थोरलीच्या डाव्या बुटात गेले, बहीण धाकटीच्या उजव्या बुटात.

लाँड्रीत चादर दोघींनी धरायची असते. समोरासमोर उभं राहून ताणायची, जवळ येऊन टोकं जुळवायची आणि बाजूच्या टेबलावर घडी ठेवायची. टेबल थोरलीच्या डावीकडे, म्हणजे धाकटीच्या उजवीकडे. दिवसभर दोघी तिकडेच वळायच्या, तिकडच्याच पायावर भार द्यायच्या. म्हणून हिचा डावा दुखायचा आणि तिचा उजवा. अधूनमधून जागा बदलल्या असत्या तरी पाय जरा सुटले असते. पण ज्याची त्याची जागा ठरलेली. आणि माझं ऐकतो कोण? बुटात कोंडलेल्या वस्तूचा आवाज घोट्याच्या वर जात नाही.

मी जीव तोडून भार झेलला. पण एकच पाय उंच झाल्यावर कंबर वाकडी होणारच. थोरलीचा गुडघा धरला, मग खुबा. टाच होती तशीच. बसायला स्टूल मागितलं, तर मुकादम म्हणाला, "जमत नसेल तर तसं सांगा. माणसं खूप आहेत." घरी आली की बूट न काढताच ती दाराशी बसून राहायची. तिचं रडणं मला वरून ऐकू यायचं.

एका सकाळी तिने पाय टेकला आणि पुन्हा पलंगावर बसली. भिंतीपर्यंतही पोचली नाही.

"आज तू एकटीच जा," तिने धाकटीला सांगितलं. मग मला बुटातून काढलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "ही पण घाल. मला आता कशाला?"

लाँड्रीत थोरलीच्या जागी नवी बाई आली. ती आताच डाव्या पायाने लंगडू लागलीय.

मला बहीण भेटली, अशी भेटली. आणि सांगायला लाज वाटते, पण दोन्ही बुटांत आम्ही असल्यावर धाकटीची टाच हळूहळू सुटू लागली. सकाळची कळ कमी झाली, चाल सरळ झाली.

काल ती कामावरून आली. थोरलीने पडल्या पडल्याच विचारलं, "दोन घातल्याने फरक पडतोय का गं?"

धाकटी दारातच थांबली. खरं सांगितलं तर ताई स्वतःलाच दोष देत बसेल, असं वाटलं असावं तिला.

"कुठलं काय, ताई. तसंच आहे."

"म्हणजे त्यांत दमच नव्हता," थोरली म्हणाली. "मी उगाच आशा धरली. आता दुसरी जोडी आणायला नको." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

ताई, मला तोंड असतं तर मी एवढंच म्हणाले असते: तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, एकदा वळून तिच्या पायांकडे बघ. खोटं बोलताना ती दोन्ही पायांवर सारखी उभी होती.