लुगड्याखालचे टाके

मी गोधडी बोलतेय. जरा हळू उलगडा, सत्तरी ओलांडलीय मी. सध्या मुक्काम नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर, चैतालीच्या पलंगावर.

माझा जन्म निफाडजवळच्या एका वस्तीवर झाला. मला शिवलं धोंडाबाईनं. उसाच्या खुरपणीवरून आली की ती मला घेऊन बसायची. जुनी लुगडी, धोतराचे तुकडे, खणाच्या चोळीची एक बाही, सगळं एकावर एक अंथरून ती कडेपासून टाके घालत मधोमध आली. हजारो टाके, आणि एकही कमीजास्त नाही! मला अजून त्याचं नवल वाटतं. एक मात्र कळायचं नाही. सुई हातात घेण्याआधी ती दार लोटून घ्यायची.

ती गेली. मागं तिचा एक फोटोसुद्धा राहिला नाही. मग तिच्या सुनेनं, चिमणाबाईनं, माझ्यावर दोन्ही बाजूंनी हिरवं लुगडं चढवलं. मी म्हटलं, जुनी झाले म्हणून असेल.

चैताली ही चिमणाबाईची नात. लहानपणापासून विचारायची, "आजी, पणजी कशी होती गं?"

"होती चारचौघींसारखी," एवढंच उत्तर.

गेल्या महिन्यात ते लुगडं फाटलं. मशीनवर नवं कापड लावून घ्यायचं ठरलं, म्हणून चैताली शिवण उसवायला बसली. लुगडं निघालं आणि तिचा हात थांबला. माझ्या टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"आजी, हे टाके माझ्या टाक्यांसारखेच उलटे झुकलेत!"

चैताली डावखुरी. त्या डाव्या हातावर आजीनं मारलेल्या चापट्या मी पायथ्याशी पडून मोजल्यात.

चिमणाबाईनं उसवलेलं लुगडं मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "सासूबाई डावऱ्या व्हत्या. बाया म्हणायच्या, डाव्या हातानं शिवलेल्या गोधडीत बाळ निजवू नाय. म्हणून मीच वरून लुगडं लावलं. तुलाबी त्याच भ्यानं मारायची. लय चुकलं गं माझं."

चैतालीनं डावा तळहात माझ्यावर टेकवला. खरं सांगते, इतक्या वर्षांनी मला धोंडाबाईचाच हात लागल्यासारखं वाटलं.

मशीनचा बेत राहिला. चैतालीनं दोरा ओवला आणि गाठ मारायला सुई आजीकडं दिली. गाठ मारून चिमणाबाईनं सवयीनं सुई तिच्या उजव्या हातापुढं धरली, मग थांबली आणि डाव्या हातात दिली.

माझं मागणं एवढंच. फाटेन तिथं ठिगळ लावा, पण वरून काही झाकू नका. धोंडाबाईला आता दार उघडं टाकून बसू दे.