स्पंज मावतो का?

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. निदान काही दिवसांपूर्वीपर्यंत तरी हे मी छातीठोकपणे सांगितले असते. आता माझे खोके एका फळीवर वाळत पडले आहे आणि माझे पोट दुसऱ्याच्याच अंगात काम करते आहे. यातला मी नेमका कोणता, हे मला अजून उमगलेले नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही, कारण कोरडा फिल्टर म्हणजे नुसते प्लॅस्टिक. अंगातून पहिल्यांदा पाणी गेले तोच माझा खरा वाढदिवस. त्या दिवशी मला हातात धरणारे गृहस्थ चष्म्याचे दुकान चालवत. त्यांनी मला गोल्डफिशच्या मोठ्या टाकीच्या मागच्या काचेवर अडकवले. ते आता या जगात नाहीत. ही गोष्ट घरात सगळ्यांना आधी कळली आणि मला सर्वांत शेवटी. म्हणून माझी हकिकत थोडी गोंधळाची आहे. सांभाळून घ्या.

टाकीत तीन मासे होते. सगळ्यांत मोठ्याचे नाव भोपळा. रंगही तोच आणि आकारही तोच. गोल्डफिश दिसायला राजबिंडे, पण दिवसभर खातात आणि दिवसभर घाण करतात. ते पाणी नळीने ओढून घ्यायचे, पुढच्या पांढऱ्या कापसातून आणि मागच्या काळ्या स्पंजातून गाळायचे आणि परत टाकीत सोडायचे, हे माझे काम. पाहुणे म्हणत, "टाकीत पाणी आहे की नाही तेच कळत नाही!" कौतुक माशांचे व्हायचे, पण मी मनातल्या मनात माझ्या नावावर लिहून घेई.

चष्मेवाले दुकानातून आले की चष्मा काढून टाकीच्या झाकणावर ठेवत आणि बाह्या वर सारत. मधून मधून ते टाकीतलेच पाणी बादलीत काढत, माझा स्पंज त्यात दोन-चारदा दाबत आणि तसाच काळा परत बसवत.

"दुकानात काचेवर एक ठिपका खपत नाही तुम्हाला," त्यांच्या पत्नी म्हणत, "आणि घरात ही गटार!"

"गटार नाही गं, पोट आहे ते त्याचं. पोट कोणी साबणाने धुतं का?"

मला अर्थ कळत नसे, पण छाती फुगे.

मग एका संध्याकाळी ते टाकीपाशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेला चष्मा मात्र झाकणावरच होता. घरात खूप माणसे आली. मी मागच्या काचेला चिकटलेला, मला सगळे जग पाण्यातून दिसते, हिरवट आणि वाकडे. त्या दिवशी तर ते जास्तच वाकडे दिसले. माणसे हळू बोलत होती. ज्याला काय बोलावे ते सुचत नसे, तो उठून टाकीपाशी येई आणि माशांना चिमूटभर खाणे घाली.

"बघ गं, माझ्याकडे बघून तोंड उघडतोय," आत्या म्हणाल्या. या चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहीण. "उपाशी आहे बिचारा."

"आत्या, तो भिंतीकडे बघूनही तोंड उघडतो." हे बोलली ती चष्मेवाल्यांची मुलगी, दुसऱ्या गावाहून धावत आलेली.

"असू दे. अशा वेळी कुणाला नाही म्हणू नये." आणि आत्यांनी आणखी एक चिमूट टाकली.

भोपळ्याने जन्मात कुणाला नाही म्हटलेले नव्हते. उरलेले खाणे तळाशी कुजले आणि पाणी दुधाळ झाले.

माणसे गेल्यावर मुलीने घर धुवायला काढले. खिडक्या झाल्या, फळ्या झाल्या, मग माझी पाळी आली. साबण, ब्रश, नळाची धार. माझा कापूस तिने फेकून दिला. मागचा स्पंज खाचेत असा घट्ट बसला होता की ओढता ओढता तिचे नख तुटले, म्हणून तेवढा न धुता राहिला. मी नव्यासारखा चकाकू लागलो. वाटले, आता शाबासकी मिळणार.

झाले उलटेच. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. भोपळा एका कोपऱ्यात कलता झाला. मी जीव तोडून फिरत होतो, तरी पाणी सुधारेना. मी स्वच्छ आणि पाणी घाण, हे गणित मला सुटेना.

"मेलाय हा बहुतेक," मुलगी माझ्यावर हात ठेवून म्हणाली.

तिची आई खुर्चीतून उठून आत निघून गेली. मित्रांनो, बोलणे माझ्याबद्दल चालले होते. मग त्यांना काय झाले?

मुलीने मला पिशवीत घातले आणि माशांच्या दुकानात नेले. दुकानदाराने तीन नवे फिल्टर मांडले. एक माझ्यासारखा काचेवर अडकणारा, एक हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा आणि एक टाकीखाली ठेवायचा मोठा डबा.

"टँक किती लिटरचा?"

"मोठा आहे. आई मागे लपेल एवढा."

"बरं. मासे?"

"तीन. त्यातला एक भोपळा."

"काय?"

"नाव आहे त्याचं."

"अहो, मग ओळखतो की मी तुमच्या बाबांना! त्यांनाच पाठवा ना. पाच मिनिटांत घेऊन जातील."

मुलीने मला परत पिशवीत घातले. "ते बाहेर गेलेत," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर गेलेत! म्हणजे येणार. आम्ही काही न घेता घरी परतलो, पण मी खुशीत होतो.

घरी येताच मुलीने पेचकस घालून स्पंज उचकटून काढला आणि कचऱ्याच्या डब्यावर धरला.

"थांब!" आई दारातून ओरडली. "तो फेकू नकोस."

"सडलाय गं हा."

"सडू दे. त्यांनी तो कधी नळाखाली धरला नाही. त्यात म्हणे न दिसणारे जंतू राहतात. माशांची घाण तेच खातात, पाणी विषारी होऊ देत नाहीत. इतकी वर्षं भांडले त्यावरून, पाठ आहे मला."

"मग मी सगळं धूत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुला काहीतरी धुवायला हवंच होतं," आई म्हणाली. "धू म्हटलं."

मुलीने स्पंज डब्यावरून बाजूला घेतला. मग म्हणाली, "तीन फिल्टर आहेत तिथे. लिटर काय, वेग काय, मला काही कळत नाहीये. कुठला घेऊ?"

"हा स्पंज ज्याच्यात मावतो तो. चल, मीही येते."

दोघींनी आधी टाकीतले थोडे पाणी बदलले. खाण्याचा डबा आईने कपाटात ठेवून कुलूप घातले. मग स्पंज टाकीतल्याच पाण्यात भिजवून एका पिशवीत घेतला. पिशवी मुलीच्या हातात होती. माझे खोके घरीच राहिले, पण मी मात्र त्या पिशवीत होतो. कसा, ते विचारू नका.

"या या," दुकानदार म्हणाला. "आले का बाबा?"

"ते गेले हो," आई म्हणाली. "परत नाही यायचे आता."

मुलीने पिशवीवरची मूठ आवळली. दोन-चारदा आवळली. तसा दाब मला एकाच हाताचा माहीत होता. तेव्हा मला कळले.

स्पंज मोठ्या डब्यात मावला. आता मी टाकीखाली अंधारात काम करतो आणि फळीवरून टाकीकडे बघतो. पाणी हळूहळू निवळले. भोपळा सरळ झाला. बादली आता आई घेते. "गटार मेली," म्हणते आणि दाबते.

भोपळा अजून संध्याकाळी चष्म्याखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून, मित्रांनो, एकच मागणे आहे. घरातले कोणी गेले तर ते घरातल्या सगळ्यांना सांगा. लहानांना सांगा, ज्यांना विचारता येत नाही त्यांनाही सांगा. ‘बाहेर गेलेत’ म्हणू नका. आम्ही वाट बघत बसतो.

आणि स्पंज नळाखाली धरू नका.