लिओंगच्या तोंडचा एक शब्द

बहारोमच्या पोटात दुखायला लागलं ते एका रविवारी सकाळी, इपोहच्या बाजारामागं, लिओंगच्या गॅरेजच्या दारात. दुखणं खाण्यापिण्याचं नव्हतं. म्हातारा लिओंग एका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि म्हणत होता, "झकास! एक नंबर झालीय रे हायकल. असं इंजिन सगळ्या पेराक राज्यात दुसरं नाही."

बहारोमनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. एकोणीस वर्षं तो आपली गाडी घेऊन या दारात येत होता. एकोणीस वर्षं! आणि त्या तोंडातून असा एक शब्द, अर्धा शब्द, कधी बाहेर पडला नव्हता.

बरं, गाडी काही ऐरीगैरी होती का? शहात्तर सालची सेलिका. दोन दारांची, लांब नाकाची, मागून उतरत गेलेली, मोहरीच्या रंगाची. एका रबरमळ्यावरच्या कारकुनाच्या विधवेकडून बहारोमनं ती घेतली तेव्हा तिच्या डिकीत कोंबडीनं अंडी घातली होती. तेव्हापासून ह्या माणसानं, शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या साध्या मास्तरनं, तिला तळहातावर जपलं. दर शुक्रवारी मशिदीतून आला की सारोंग गुडघ्यापर्यंत खोचून कार्बुरेटरशी बसायचं. दारांच्या रबरांना ग्लिसरीन चोळायचं. उताणं पडून पोटाखालचा गंज खरवडायचा, डोळ्यात जाईपर्यंत. एक नट बाहेरचा नाही, एक भोक जास्तीचं नाही. कारखान्यातून निघाली तशी.

आणि लिओंग तिला काय म्हणायचा? "आलास? घेऊन आलास ते भंगार?" मग चाकाला एक लाथ. "कशाला जगवतोयस? नदीत ढकल एकदाची." मग तो दोन दोन तास तिच्याखाली शिरायचा, व्हॉल्व्हचा आवाज कान लावून ऐकायचा, बाहेर येऊन कपाळाचं तेल पुसायचा आणि म्हणायचा, "मेली नाही अजून. आळशी आहे नुसती." झालं. याच्यापुढं कौतुक नाही.

आता हा हायकल. वय तिशीचं, विमा विकणारा, केसांना चिकचिकीत तेल. दोन वर्षांपूर्वी त्यानं त्याच सालची सेलिका घेतली, पण कसली सेलिका! आधीच्या तीन मालकांनी तिचा खिमा केलेला. छताला खिडकी कापलेली, चाकांवरचे पत्रे फाकवलेले, पुढचं तोंड निम्मं गायब. त्यात लिओंगनं त्याला हाफकटमधलं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून दिलं. जपानात जुन्या गाड्या मधोमध कापतात आणि इंजिनाकडचा अर्धा भाग कंटेनरमधून इकडं येतो. इपोहमध्ये निम्म्या हौशी लोकांच्या गाड्यांत असलंच परक्या गाडीचं काळीज धडधडत असतं. बहारोमला आजवर त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या रविवारी मात्र वाटलं.

"बांग, बघितलीत का?" हायकल त्याला बघून आनंदानं ओरडला. इकडं दादाला बांग म्हणतात, आणि बायका नवऱ्यालाही. "आवाज ऐका, बांग!"

"ऐकला," बहारोम म्हणाला. "शेजारच्या गावातही ऐकला असेल."

लिओंग खो खो हसला आणि त्यानं हायकलच्या पाठीवर थाप मारली. ती थाप बहारोमच्या काळजावर बसली म्हणा ना.

त्याच सकाळी लिओंगनं सांगून टाकलं की चिनी नववर्ष झालं की गॅरेज बंद. हात थरथरतात, डोळे दिसत नाहीत, पेनांगला मुलीकडं जाऊन राहणार. "तिथं ती गाढव मला भाज्या चिरायला लावणार," तो म्हणाला. मुलगी तिथल्या इस्पितळात हृदयाची डॉक्टर होती. गाढव!

म्हणजे उरले दोन महिने. दोन महिन्यांत म्हाताऱ्याच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला तर निघाला, नाहीतर जन्मभर नाही. बहारोमनं घरी येऊन जेवण तसंच ठेवलं.

"काय झालं, बांग?" त्याची बायको रोकियाह म्हणाली. "रेंडांग खारट झालंय का?"

"नाही."

"मग भाताशी भांडण आहे?"

त्यानं मग भडाभडा सगळं सांगितलं. रोकियाह ऐकता ऐकता हसायला लागली. "या अल्लाह! पन्नाशी ओलांडली तुम्ही, आणि त्या पोरावर जळताय?"

"जळत बिळत नाही मी."

"नाही कसे? वास येतोय जळल्याचा! अहो, लिओंग पोटच्या पोरीला गाढव म्हणतो. आपल्या गल्लीतली ती चिनी आजी नातवाला काय म्हणते? कुरूप, काळा, वाया गेलेला. आणि आपल्या अझमानला बघितलं की, किती गोड, किती हुशार! आपलं पोर चारचौघांत कुणी वाखाणत नाही त्यांच्यात. तुम्ही जन्मापासून इपोहमध्ये राहता ना? मी तर दूर केलांतानची, तरी मला कळतं."

"गाडी म्हणजे पोर नव्हे."

"बरं. तुम्हाला मुलाहून प्यारी आहे एवढंच मला ठाऊक," असं म्हणून तिनं ताट उचललं.

तिचं म्हणणं एका कानानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर. मत्सराचं हेच तर असतं. माणसाला डोळ्यासमोरचं दिसत नाही, आणि नसलेलं स्वच्छ दिसतं. लिओंगच्या गॅरेजात बहारोमसाठी एक काचेचा पेला वेगळा ठेवलेला होता. बहारोम मुसलमान म्हणून त्या पेल्याला लिओंगच्या घरचं दुसरं काही कधी लागू दिलं जात नसे, आणि म्हातारा तो स्वतः घासायचा. हायकलसुद्धा मुसलमानच, पण त्याला टपरीवरची कॉफी प्लास्टिकच्या पिशवीत मिळायची. हे बहारोमला एकोणीस वर्षांत दिसलं नाही. त्याला दिसली ती हायकलच्या पाठीवरची थाप.

पुढच्या रविवारी त्यांच्या क्लबातल्या सगळ्या जुन्या गाड्यांची रांग कॅमेरनच्या डोंगरावर निघाली. चढावर हायकल एका दमात बहारोमच्या पुढं गेला. जाताना त्यानं हात हलवला. पोरानं प्रेमानंच हलवला असेल, पण बहारोमला वाटलं, खिजवतोय. वर चहाच्या टपरीवर क्लबातला पेरुमाल म्हणाला, "मास्तर, आम्ही दुसरा चहा मागवला, तिसरा मागवला, म्हटलं आता जेवूनच घेऊ. तुमची बाई डोंगर चढते की डोंगराशी गप्पा मारते?"

सगळे हसले. बहारोमही हसला. आतून अंगाचा तिळपापड झाला होता. हायकल मात्र हसला नाही. तो खाली वाकून बहारोमच्या गाडीच्या नाकाखाली बघत होता, फोनवर फोटो काढत होता. बघ म्हणावं, बहारोम मनात म्हणाला, चेष्टा करायला आणखी काहीतरी शोध.

डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली. तिसऱ्याच दिवशी एक टेम्पो बहारोमच्या घरासमोर थांबला आणि त्यातून अर्धी गाडी उतरली. सहा सिलिंडरचं इंजिन, हायकलच्या इंजिनाहून एक पायरी वरचं. रोकियाह दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "बांग, लिओंगला विचारलंत?"

"विचारायचंय कशाला? दाखवायचंय."

इंजिन लांब होतं. सेलिकाच्या पोटात ते मावेना. बहारोमनं दोन दिवस मोजमापं घेतली, पुन्हा घेतली, सुतारासारखी कानाला पेन्सिल लावून. मावायचं असेल तर रेडिएटरपुढचा पत्रा कापावा लागणार होता आणि गिअरबॉक्सवरची पत्र्याची पाठ फोडून रुंद करावी लागणार होती. तिसऱ्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन बसला. खरं सांगायचं तर हात थांबला होता. त्या पत्र्यावर कारखान्यात मारलेले वेल्डिंगचे गोल ठिपके एका ओळीत होते, शेहेचाळीस. कितीदा त्यानं बोट फिरवून मोजले होते! पण मग त्याला ती थाप आठवली, तो हललेला हात आठवला, आणि त्यानं बटण दाबलं. ठिणग्या उडाल्या. मोहरीचा रंग जळाल्याचा वास शेजारच्या घरापर्यंत गेला.

काम मात्र देखणं केलं. तो मुळात कारागीर माणूस; कापलेली कड कानशीनं घासून गुळगुळीत केली, रंग दिला, इंजिन असं बसवलं की जणू तिथंच जन्मलं. कापलेला पत्रा भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. जानेवारीत त्यानं पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा गाडी अशी गुरगुरली की शेजारची मांजरं भिंतीवरून पळाली. डोंगराच्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी गेली. बहारोम एकटाच गाडीत हसत होता, मोठ्यानं. आता बघू म्हाताऱ्या, आता काय म्हणतोस!

नववर्षाला आठवडा राहिला असताना, सकाळी दहाला, तो गॅरेजसमोर आला. लाल कंदील दाराला लागले होते, निम्मी अवजारं खोक्यांत भरलेली होती. हायकल तिथंच होता, खोकी बांधायला आलेला. आवाज ऐकून तो बाहेर आला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बहारोमनं बॉनेट उघडलं. "बोला आता, हायकलशेठ."

हायकल वाकला आणि जिथं पत्रा नव्हता तिथं बघत राहिला. "बांग," तो म्हणाला, "हे काय केलंत तुम्ही?"

"का? पोटात दुखतंय?"

"तो पुढचा पत्रा... अहो, मी त्याचे फोटो काढून ठेवलेत, मापं काढलीयत. लिओंग अंकलनीच सांगितलं होतं. म्हणाले, तुझी गाडी पुन्हा माणसात आणायची असेल तर बहारोमच्या गाडीकडं बघ. सगळ्या देशात न कापलेली ती एकच उरलीय, म्हणाले." तो सरळ झाला. "दोन वर्षं ऐकतोय मी. बहारोमनं हे असं ठेवलंय, बहारोमनं ते तसं ठेवलंय. मी म्हटलं, अंकल, मग त्यांना सांगा की हे. तर माझ्यावरच खेकसले. आपल्या लेकराला कुणी तोंडावर चांगलं म्हणतं का, म्हणाले. खरं सांगू? जळायचो मी तुमच्यावर."

"पण तुझ्या इंजिनाला तो एक नंबर म्हणाला ना!" बहारोम म्हणाला.

"माझी गाडी आधीच कापलेली होती, बांग. तिच्यात काहीही बसवा, काय बिघडतं? तुमच्या गाडीला त्यांनी मला पानासुद्धा लावू दिला नाही कधी."

बहारोमनं बॉनेट मिटायला हात घातला, पण तेवढ्यात लिओंग आतून आला, फडक्याला हात पुसत, नेहमीसारखा तोंडातल्या तोंडात पुटपुटत. गाडी बघून त्याची लाथ अर्धी उचललेली होती. बॉनेटखाली नजर गेली आणि पाय खाली आला.

तो जवळ आला. बराच वेळ वाकून बघत राहिला. थरथरता हात कापलेल्या कडेपर्यंत गेला आणि न टेकताच मागं आला. बहारोमला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात! आईबापाचा उद्धार करावा, पाना फेकून मारावा, गाढव म्हणावं. त्यानं असोशीनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"अंकल," तो म्हणाला, "चुकलं माझं. बोला काहीतरी."

लिओंगनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघून माणूस हसतो तसं तो हसला.

"छान झालीय," तो म्हणाला. "काम फार सफाईदार आहे. सुंदर गाडी आहे तुमची."

आणि तो आत जाऊन उरलेली अवजारं खोक्यात भरायला लागला. एकोणीस वर्षांत त्यानं बहारोमला तुम्ही म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.