डाकू आणि मामांचा रिमोट

मुरलीधरमामांनी तेहतीस वर्षं इथे विलायतेतल्या हॉस्पिटलांत लोकांची हाडं जोडली, पण त्यांच्या हाउन्सलोच्या घरात पडद्यावरचे बाई-पुरुष कधी जवळ येऊ शकले नाहीत. दोघांत हातभर अंतर उरलं की मामा रिमोट उचलत आणि सिनेमा पुढे पळवत. व्हिडिओ कॅसेटच्या काळातली सवय. मुलगी सुनीती आता एकोणतीस वर्षांची, ब्रिस्टलला इंजिनिअर. तरी सवय तशीच. ब्रॅकनेलच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेला मी त्यांच्याकडे राहायचो. मला वैताग यायचा, पण भाच्यानं गप्प बसावं हे बरं.

२००६ च्या मार्चमध्ये, एका शनिवारी दुपारी सुनीती डीव्हीडी घेऊन आली. तिला ऑफिसातल्या पाउलोशी लग्न करायचं होतं. पाउलो ब्राझीलचा. त्याला या रविवारी जेवायला बोलवू का, असं ती विचारत होती आणि मामा दोन आठवडे ‘बघू’ म्हणत होते. मामांचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून तिनं ब्राझीलचा सिनेमा आणला, मामांना तिकडची माणसं तरी दिसतील म्हणून. अक्कल बघा, स्वतः न बघताच आणला. निघाला एका नामचीन डाकूचा. त्याचे दरोडे आणि त्याच्या तीन बायका.

डाकू पहिलीजवळ गेला, मामांनी पळवला. दुसरीजवळ गेला, पळवला. उरले घोडे, बंदुका आणि प्रेतं.

"हे असले लोक," मामा म्हणाले.

"बाबा, पाउलो इंजिनिअर आहे, डाकू नाही आहे. प्लीज, बी फेअर."

"मी कुठे काय म्हणालो?"

सुनीतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मामांचा मनापासून राग आला. तरी मी शेंगदाणे खात राहिलो.

तिसरी नवऱ्याला सोडून आलेली. ती झुडपाआड डाकूला खेटून बसली. तिच्या ब्लाउजचं बटण तुटलं होतं. मामांनी ताबडतोब रिमोट दाबला आणि सिनेमा थेट शेवटच्या चकमकीवर गेला. दोघं शेजारीशेजारी मरून पडली होती.

सुमनमामी उठली आणि तिनं मामांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"अहो, मेलेली तेवढी दाखवलीत. जिवंत होती तेव्हा काय करत होती, ते बघू द्या मला."

तिनं सिनेमा मागे नेला. झुडपाआड डाकूनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुईत ओवलं आणि तो बाईच्या ब्लाउजला बटण लावायला लागला. बस्स, एवढंच. तो टाके घालत होता, ती त्याला हरवलेल्या बकरीबद्दल सांगत होती.

मामा बघत राहिले. त्यांनी आयुष्यभर लोकांना टाके घातले. घरातली बटणं मामीनंच लावली.

"तुझा पाउलो लावतो का गं बटणं?" मामीनं विचारलं.

"लावतो. माझी पण."

"मग उद्या एक वाजता ये म्हणावं त्याला."

सुनीतीनं बाबांकडे बघितलं. मामांचा हात सवयीनं रिमोट शोधत होता. रिमोट मामीच्या मांडीवर होता.

"साडेबाराला," मामा म्हणाले. "एकला माझी गोळी असते."