आवृत्ती तीन, पुस्तिका दोन

पुस्तिका कोणी वाचत नाही, हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. आणि पुस्तिका लिहायचाच पगार घ्यायचो. जळगावात नेमीचंदशेठच्या कंपनीत आम्ही याद्या ठेवायचा प्रोग्राम बनवायचो. सभासदांच्या, पेशंटच्या, रक्तदात्यांच्या, ज्याला जी हवी ती यादी. गिऱ्हाईक पाकीट फोडायचं, फ्लॉपी काढायचं आणि थेट फोन लावायचं, "साहेब, आता काय दाबू?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पंच्याण्णव साली तिसरी आवृत्ती निघाली आणि पाकीट बदललं. आधी दोन मोठ्या फ्लॉप्या जायच्या. एकीवर प्रोग्राम, दुसरी कोरी. नवा प्रोग्राम चढवताना जुन्या यादीची नक्कल त्या कोरीवर आपोआप निघायची. आता एकच छोटी फ्लॉपी. नक्कल ज्याची त्यानं आधी काढून ठेवायची, नाहीतर जुनी यादी पुसली जाणार. नव्या पुस्तिकेत मी हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

ती छापायला जाणार, तेवढ्यात पाकिटं भरणारे भिकननाना म्हणाले, "भाऊ, जुन्या साठ पुस्तिका पडेल शेतस. त्यासनं काय करू?" दुसऱ्या आवृत्तीच्या साठ पुस्तिका अजून शिल्लक होत्या.

शेठच्या घरात तीन पिढ्या धान्याचं दुकान. जुनं पोतं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही, हा त्यांचा धर्मच. "आधी जुन्या जाऊ द्या," ते म्हणाले. आत एक चिठ्ठी घालू, असं मी म्हटलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. मी म्हणालो, "जाऊ द्या, शेठ. वाचतंय कोण?"

महिन्याभरात धुळ्याहून फोन आला. यशोदाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथल्या रक्तदात्यांची यादी सांभाळायच्या. अकराशे नावं, गट, पत्ते. कोणाला रक्त लागलं की दवाखाने त्यांनाच विचारायचे. "यादी दिसत नाहीये. येऊन बघता का?" त्या म्हणाल्या. मी एसटीनं गेलो.

टेबलावर पुस्तिका उघडी होती. दर ओळीपुढे तांबड्या पेनानं बरोबरची खूण. 'नक्कल आपोआप निघेल, काळजी नसावी' याच्यापुढे खूण. 'जुनी यादी पुसायची का, असा प्रश्न पडद्यावर येईल, Y दाबा' याच्यापुढेही खूण.

"दुसरी फ्लॉपी पाकिटात सापडली नाही," बाई म्हणाल्या. "म्हटलं, नव्यात लागत नसेल. बाकी सगळं तुमच्या पुस्तकाप्रमाणे केलं."

तासभर खटपट केली. यादी गेली होती ती गेलीच.

"कागदावर काही आहे?"

"कार्डं होती. कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत दिली." मग त्यांनी पुस्तिका माझ्याकडे सरकवली. "माझं कुठे चुकलं, तेवढं दाखवा."

"तुमचं नाही चुकलं. पुस्तिका जुनी आहे. पाकिटात जुनी जातेय, हे मला माहीत होतं." इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता. एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं, लगेच. यादीत त्या गटाची बावीस माणसं होती. बाईंना तिघं आठवली. एक सुरतेला राहायला गेलेला. दुसऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. तिसऱ्याकडे घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. बाईंनी डोळे मिटून आणखी दोन-तीन आडनावं पुटपुटली, पण त्यांचे नंबर त्यांना सांगता येईनात.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा गट कोणता?"

मला माहीत नव्हता.

"चला मग," त्या म्हणाल्या, आणि चपला घालू लागल्या.