माझ्या खटक्याला बांधलेली नाडी

मी एक जुनी पीठ मळण्याची मशीन आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगावर लाखेचे सील आहे. मला तेलाचा थेंब घालायचीही कोणाला परवानगी नाही.

एका ओतकामाच्या कारखान्यात मी घडले आणि थेट या बेकरीत आले. नवऱ्यामागे बेकरी चालवणाऱ्या मालकीणबाईंनी पहिल्याच सकाळी माझ्या पोटात पिठाची अख्खी गोणी ओतली. भट्टी त्यांचे धाकटे दीर सांभाळत. पगार इतर कारागिरांइतकाच घेत. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा! "ही आमची घरची लेक," असे ते माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, आणि मी फुलून जाई.

आमच्या राज्यात नियमांना तोटा नाही. खिडकी बंद ठेवली की हवेचे साहेब रागवत, उघडी ठेवली की माश्यांचे. इकडे आड, तिकडे विहीर! शेजारच्या लाँड्रीवाल्याने दारावरच्या एका पाटीपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि शेवटी दुकान विकले. तेव्हापासून दारात अनोळखी बूट वाजले की बाईंना घाम फुटे.

मग माझ्यासाठी नियम आला. माझ्या तोंडावर जाळी हवी, आणि जाळी उचलताच खटका सुटून मी थांबले पाहिजे. नियम शहाणा होता. पण कडेला चिकटलेले पीठ खरवडायला जाळी सारखी उचलावी लागे. मी थांबे, पीठ ढिले पडे आणि घाणा वाया जाई. इस्पितळाची मोठी ऑर्डर आली तेव्हा बाईंनी एप्रनची नाडी ओढून काढली आणि खटका दाबून बांधून टाकला. पुढे ती रीतच पडली. तपासणीला साहेब येणार म्हटले की नाडी सुटे, साहेबांची पाठ वळली की पुन्हा बांधली जाई.

एके दिवशी भाऊजी जाळी उचलून पीठ खरवडत होते. मला आपणहून थांबता येत नाही हो. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

तपासणीच्या खात्याने मला सील ठोकले आणि कोर्टात केस केली. कारागिराने आपल्या मनाने खटका बांधला असेल तर बेकरी वाचणार होती, पण मग त्याला भरपाई मिळणार नव्हती. मालकाने बांधला असेल तर परवाना रद्द.

"वहिनी, मीच बांधली म्हणून सांगतो," भाऊजी म्हणाले.

"आणि जन्मभर काय करणार या हाताने?"

"भट्टी विझली तर सगळ्यांच्याच घरच्या चुली विझतील. तुम्ही फक्त गप्प राहा."

बाई गप्प राहिल्या. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली.

कोर्टाचे अधिकारी पाहणीला आले. त्यांनी सील काढले, नाडी भाऊजींच्या हातात दिली आणि म्हणाले, "दाखवा बरं, कशी बांधली होती?"

भाऊजींनी नाडी खटक्याभोवती घेतली. उरलेल्या बोटांत ती धरवेना. निसटली. त्यांनी वाकून उचलली, पुन्हा निसटली. मग ते दातांनी गाठ ओढू लागले. कपाळावरून घाम माझ्या पत्र्यावर टपटपत होता, तरी ते हसून म्हणत होते, "जमेल साहेब, सवयीचं काम आहे माझं."

"सरका भाऊजी," बाई म्हणाल्या. त्यांनी नाडी घेतली, दोन वेढे दिले आणि डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. "अशी, साहेब. मी बांधत होते."

"वहिनी, काय केलंत हे!" भाऊजी गाठ सोडवायला पुढे धावले.

मला पुन्हा सील लागले. परवाना गेला. कारागीर पांगले. भाऊजींच्या भरपाईचा निकाल तेवढा बाकी आहे; तो लागला की भंगारवाला मला नेईल. मला मरणाची भीती वाटते, मित्रांनो, पण कोणाला सांगू?

तुमच्या घरी, कारखान्यात माझ्या बहिणी असतील. त्यांच्या जाळ्या, त्यांचे खटके कधी बांधू नका. त्या थांबल्या की त्यांना थांबू द्या. घाणा वाया गेला तर जाऊ द्या. पीठ पुन्हा मळता येते.